पुलापर्यंत पोचवायला

१

वर्षभर मी एकच काम केलं. "ओदी" कापायचं.

हसू नका. आमच्या झोम्बा गावात दार कुणी ठोठावत नाही. ठोठावतात ते पोलीस. भल्या माणसाने अंगणात उभं राहून हाक मारायची, "ओदी!" आतून "ओदीनी!" आलं की आत यायचं. नाही आलं तर पुन्हा हाक. तिसऱ्या हाकेलाही उत्तर नसेल तर घरच्यांना आज माणूस नकोय असं समजून मुकाट परत फिरायचं. आत आल्यावरही लगेच तोंड सोडायचं नाही. वहाणा काढा, चटईवर पाय दुमडून बसा, कमरेला गुंडाळलेलं चितेंजेचं कापड गुडघ्यांवर सारखं करा, आणि मग विचारपूस. "कशा आहात?" "मी बरी आहे, तुमचं कुणास ठाऊक." आम्ही असंच म्हणतो. लहानपणापासून म्हणत आले, त्यात काही वावगं आहे असं कधी मनातही आलं नाही.

मी जसिंता. इथल्या कॉलेजात भाषा शिकवते. लोम्वे ही माझ्या आईची भाषा. मला ती कळते, माझ्या मुलांना शिव्यांपुरती येते, नातवंडांना तेवढीही येणार नाही. म्हणून यंत्राला लोम्वे बोलायला शिकवायचं हे आमचं खूळ. माझी मैत्रीण एलुबी खेडोपाडी फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या गोष्टी रेकॉर्ड करून आणायची, मी त्या ऐकून उतरवून काढायचे, आणि कॉलेजातला यंत्रवाला लॅक्सन ते सगळं यंत्राला भरवायचा. नियम एकच होता. गोष्ट हवी, घरगुती बडबड नको. म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची एलुबीची हाक, आतलं उत्तर, चटई झटकल्याचा आवाज, विचारपूस, कोंबड्यांना हाकलणं, सगळं मी माझ्या हाताने कापलं.

"जसि, मेले, माझी सगळी दारं बंद करत सुटलीयेस तू," एलुबी म्हणायची.

यंत्राला बोलायला कुणाचा तरी गळा लागतो. तोही एलुबीचाच घेतला. गाद्या टेकवून बंद केलेल्या एका खोलीत बसून तिने वाक्यं वाचली, मधेमधे गरमीला शिव्या घालत. त्या शिव्याही मी कापल्या. आता वाटतं, कशाला कापल्या?

२

एलुबी आणि मी एका बाकावर शिकलो. लग्नंही एकाच पावसाळ्यात झाली, आणि घरंही ओढ्याच्या अल्याड-पल्याड मिळाली. माझं अलीकडे, तिचं पलीकडे, तिच्या आईच्या शेजारी. मधे लाकडी पूल.

पाहुणी निघाली की तिला वाटेपर्यंत पोचवायला जायचं, ही आमची रीत. फाटकापर्यंत गेलात तर ओळख, पुढे गेलात तर माया. आम्हां दोघींच्या बाबतीत हे प्रकरण पार हाताबाहेर गेलं होतं. ती चहाला यायची. निघताना मी म्हणायचे, "आंब्यापर्यंतच हं, मला भात टाकायचाय." आंब्याखाली पोचलो की ती म्हणायची, "पुलापर्यंत तरी चल." पुलावर उभ्या राहून एवढ्या गप्पा व्हायच्या की खालून धुणं घेऊन जाणाऱ्या बायका हसायच्या. मग ती म्हणायची, "आता तू एकटी कशी जाशील? चल, मी तुला पोचवते." की परत माझ्या दारात! माझा नवरा, देव त्याला सुखात ठेवो, म्हणायचा, "तुम्ही दोघी एकमेकींना पोचवता पोचवताच म्हाताऱ्या होणार."

तेही झालं नाही. वादळाच्या वर्षी डोंगर खाली आला. त्या दिवशी मी राजधानीत होते. संध्याकाळी कोळसेवाल्याने एलुबीला पुलाच्या अलीकडे पाहिलं, चितेंजे डोक्यावर घेऊन घाईने आईकडे निघालेली. सकाळी पूल नव्हता. एलुबी सापडली नाही. मागे ओढ्यात पुलाचे दोन खुंट तेवढे उरले, आणि माझ्याकडे यंत्रात तिचा गळा.

एक सांगायचं राहिलं, ते महत्त्वाचं आहे. परक्या दारात ती दोन तुटक हाका मारायची, "ओदी-ओदी." माझ्या दारात मात्र एकच, "ओ" लांबवून आणि "दी" गिळून. तशी हाक ती दुसऱ्या कुणाच्याच दारात मारत नसे.

३

यंदा ऑक्टोबरात यंत्रांच्या बुद्धीची मोठी परिषद आमच्या कॉलेजात भरली. डाकारपासून किगालीपर्यंतची हुशार मंडळी गळ्यात पट्ट्या अडकवून जांभळ्या फुलांच्या झाडांखाली तळलेल्या गोड मांदासी खात फिरत होती. मोठ्या सभागृहात मोठी भाषणं, आणि लहान खोल्यांत विशेष सत्रं. मक्याच्या रोगाचं सत्र भरगच्च, दवाखान्यांचं सत्र भरगच्च. आमच्या "लहान भाषांच्या आवाजा"च्या सत्राला काय मिळालं, तर भूगोलाची जुनी खोली! भिंतींवर नकाशांचे खिळे, वर करकरणारा पंखा आणि मागच्या दाराला आडवं लावलेलं कपाट. ते दार कधी उघडलेलं मी तरी पाहिलं नाही.

सत्राच्या आदल्या दिवशी लॅक्सनने स्पीकर लावले. लॅक्सन उत्तरेकडचा. जुळ्यांचा बाप, डोक्यावरचे केस गेलेले, आणि स्वतःच्या यंत्रावर बायकोपेक्षा जास्त जीव.

"मॅडम, टाका काहीतरी. काहीही चालेल."

मी टाइप केलं, 'आज बाजारात मासळी आली का?'

यंत्र लोम्वेत बोललं. एलुबीचा आवाज. "मासळी" म्हणताना ती नाकात बोलायची ना, तेसुद्धा जसंच्या तसं. मी चितेंजेच्या टोकाला डोळे पुसले. लॅक्सनने समंजसपणे खिडकीबाहेर पाहिलं.

"आणखी एक, मॅडम?"

मी लिहिलं, 'बी कधी पेरायचं?'

क्षणभर काहीच नाही. मग स्पीकरमधून आलं, "ओऽऽदी." आणि त्याच्यामागून प्रश्न.

माझ्या तोंडात "ओदीनी" तयारच होतं. जीभ टाळूला लागलीही होती. लॅक्सनसमोर लाज वाटली म्हणून गिळलं, एवढंच.

"तुमच्या कात्रीतून एखादं सुटलं असणार," लॅक्सन म्हणाला.

"माझ्या कात्रीतून? तोंड सांभाळ. तुमच्या उत्तरेकडची मंडळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बोलतात, म्हणून तुला सगळीकडे गुणगुणच ऐकू येते."

तो हसला. मीही हसले.

४

माणसाने अक्कल चालवावी. मी चालवली. उतरवलेल्या सगळ्या गोष्टींत तो शब्द शोधला. कुठेच नाही. लॅक्सनने त्याच्या पद्धतीने आवाजातून शोधला, त्यालाही मिळाला नाही. मी स्वतःला समजावलं, यंत्र तुकड्यांतून शब्द जोडतं, "ओ" इकडचा आणि "दी" तिकडचा घेतला असेल. पटण्यासारखं होतं.

पण ती माझ्या दारातली हाक होती. ती कधी रेकॉर्डच झाली नव्हती. माझ्या घरी यायला एलुबीला यंत्र कशाला लागायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी, खोली झाडून होत होती तेव्हा, मी लॅक्सनला म्हटलं, "पुन्हा लाव, एकदाच."

या वेळी आम्ही काहीही टाइप केलं नाही. तो नुसता वायरी तपासत होता.

"ओऽऽदी."

आवाज जवळून आला होता. आणि त्याच्यासोबत, त्याच्या मागे, दुसरं काहीतरी होतं. मी हात वर करून लॅक्सनला गप्प केलं. "मागचं परत लाव." यंत्र बोलेल ते साठवून ठेवतं, त्याने ते लावलं. हाकेमागे एक करकर होती, मग टक्, मग पुन्हा करकर. आम्ही दोघांनी एकाच वेळी मान वर केली. डोक्यावर पंखा फिरत होता. करकर, टक्, करकर.

"माइक चालू असेल," मी म्हटलं.

"माइक पेटीत आहे, मॅडम. अजून काढलेलाच नाही."

पेटी टेबलावर होती. कुलूपही होतं. लॅक्सनने तरी ते ओढून पाहिलं, बिचाऱ्याने.

दोन हाका झाल्या होत्या. मी खुर्चीत बसले आणि त्याला सांगितलं, "ऐक. दुपारी सत्रात काहीही झालं तरी 'ओदीनी' म्हणायचं नाही. तिसरी हाक झाली की संपलं. उत्तर नसेल तर पाहुणा परत जातो."

"मॅडम, मी शास्त्रज्ञ आहे."

"मग तुला गप्प बसणं सोपं जाईल."

तो वायर गुंडाळू लागला. मग हळूच म्हणाला, "मगाशी माझ्या अगदी ओठांवर आलं होतं."

ते येणारच. आमच्या हाडात बसलंय ते. बाहेरच्या कुणाला हा शब्द कळणारही नाही. चूक करू शकतो ते आम्हीच. आणि बोलावलेला पाहुणा ज्याने बोलावलं त्याचा असतो, त्याच्याच घरी तो बसतो. आत काय येणार होतं, मला माहीत नव्हतं. माझं एलुबीवर प्रेम होतं, अजूनही आहे. पण एलुबी माणसांमधून यायची, कोंबड्यांना हुसकत, दारातूनच हसत. ती कधी बंद खोलीच्या पंख्याचा आवाज घेऊन आली नव्हती.

आणि सत्राला तिची आई येणार होती. मीच बोलावून बसले होते.

५

तिला सगळे नाम्बेवे आजी म्हणतात. मी आई म्हणते. लेक गेल्यापासून म्हातारीने दाराला कडी लावलेली नाही. पूल गेल्यावर तिच्याकडे जायचं तर डांबरी रस्त्याने मोठा फेरा घालावा लागतो. मी कॉलेजची गाडी घेऊन गेले. ती नवं चितेंजे नेसून, तोंडाला तेल लावून, ओट्यावर तयारच बसली होती.

"आई, आज राहू दे. ऊन फार आहे."

"ऊन मला नवं आहे होय गं?"

"खोली लहान आहे. सगळे परके लोक, इंग्रजी बोलणारे. कंटाळशील."

"मी त्यांचं ऐकायला येतेय का? मी माझ्या लेकीचं ऐकायला येतेय."

"ते यंत्र आहे गं. एलुबी नव्हे."

"रेडिओ काय होता मग? तुझा बाप रेडिओशी भांडायचा, तेव्हा त्याला नाही सांगितलंस, यंत्र आहे म्हणून."

मी तिचे हात धरले. शेवटी खरंच सांगितलं, कारण दुसरं काही सुचेना. यंत्र हाक मारतंय, म्हटलं. आपण कुणी शिकवलेली नाही ती हाक. दोनदा झाली. आज उत्तर दिलं नाही तर थांबेल. "मला शब्द दे, आई. उत्तर द्यायचं नाही. एकटी राहतेस तू. तुला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

म्हातारीच्या डोळ्यांत भीतीचा लवलेशही नव्हता. उलट तिचा चेहरा असा काही उजळला, की मीच तिचे हात सोडले.

"लांब हाक मारते का तोकडी?" तिने विचारलं.

मी सांगितलं नाही. तिने शब्दही दिला नाही. वेताची काठी घेतली आणि आधी जाऊन गाडीत बसली.

६

जेवणानंतरच्या सत्राला गर्दी कमीच असते. वीसेक माणसं असतील, बहुतेक परमुलखातली. आमच्याकडची म्हणजे मी, लॅक्सन आणि म्हातारी. तिने खुर्ची नाकारली. पुढे जमिनीवर चटई मागून घेतली, त्यावर बरोबर आणलेलं दुसरं चितेंजे पसरलं आणि एका कडेला बसली. अर्धं कापड मोकळं सोडलं.

"मधे सरक ना, आई," मी कुजबुजले.

"असू दे."

सेनेगलच्या ऐसातूबाई सत्राच्या प्रमुख होत्या. त्यांनी दोन शब्द बोलून लॅक्सनला पुढे केलं. त्याने आकडे दाखवले, नकाशे दाखवले. आवाजही स्थिर ठेवला, त्याचं मला कौतुक वाटलं. मग म्हणाला, "आता प्रत्यक्ष ऐकू." एका पाहुण्याने वाक्य सुचवलं, लॅक्सनने टाइप केलं, आणि तेवढ्यात लाईट गेली.

आमच्याकडे लाईट जाते, त्यात विशेष काही नाही. लोक हसले, कुणी पडदा सारला. डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला. स्पीकर भिंतीच्या विजेवर होते, तेही गेले.

पण करकर थांबली नाही. करकर, टक्, करकर. मागून येत होती. कपाटाच्या मागून.

मी म्हातारीकडे पाहिलं. तिने मान थोडी तिरकी केली होती. एलुबी शाळेतून यायची तेव्हा हीच बाई चुलीवर पीठ घाटता घाटता अशीच कान द्यायची, मी तिच्या चुलीपाशी बसून पाहिलंय.

"ओऽऽदी."

सगळ्यांना ऐकू आलं. ऐसातूबाईंनी कौतुकाने भुवया उंचावल्या, त्यांना तो प्रयोगाचाच भाग वाटला. टांझानियाचा एक गृहस्थ तोंड उघडता उघडता थांबला. त्यांच्याकडेही अशी हाक असते, हे मी विसरले होते. लॅक्सनने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं. चार श्वास. ती परत गेली असती.

म्हातारीने श्वास घेतला. तिचे ओठ विलग झाले.

"ओदीनी!"

मीच म्हटलं ते. एवढ्या मोठ्याने, की खोली दचकली. म्हातारीला वाचवायला म्हटलं, की मला राहवलं नाही म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. ती माझ्या दारातली हाक होती हो. किती दिवसांनी मारली होती.

मागचं दार हललं नाही. कपाटही हललं नाही. करकर तेवढी थांबली. मग जमिनीलगत कापडाचा आवाज झाला, चटईची काडी मोडल्यासारखी कुरकुरली, आणि पसरलेल्या चितेंजेची मोकळी अर्धी बाजू हळूच खाली दबली. कडेची चुणी कुणीतरी सारखी केली. मी ते पाहिलं. फार तर पापणी लवेपर्यंत, पण पाहिलं.

"कशी आहेस, बाळ?" म्हातारीने विचारलं. किती हळू विचारलं तिने.

उत्तर आलं नाही.

"एलुबी? बरी आहेस ना?"

काहीच नाही. जिने आत बोलावलं, त्या यजमानिणीनेच आधी विचारायचं असतं. म्हातारीला ते माझ्याआधी कळलं. तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि तिची हनुवटी थरथरली. मी खुर्चीतून खाली उतरले, गुडघ्यांवर बसले.

"कशी आहेस?"

"मी बरी आहे," चटईवरून आवाज आला. "तुमचं कुणास ठाऊक."

लाईट आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

७

परत जाताना गाडीत म्हातारीने खिडकीकडे तोंड केलं होतं. तिच्या ओट्यापाशी मी तिला उतरवलं, काठी हातात दिली.

"आई, मी तुझ्यासाठी केलं."

"माझी लेक होती ती." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मी वाट बघत होते. एवढे दिवस कडी लावली नाही मी, ती कशासाठी, जसिंता? वाऱ्यासाठी?"

"तुला काहीतरी झालं असतं."

"या वयात मला व्हायचं काय उरलंय गं? तू मधे का बोललीस?"

मी रडले. तिने मला थोपटलंही नाही. आणि ती कुणालाही थोपटणारी बाई. ओट्याची पायरी चढून तिने दार लोटलं, मग फटीतून म्हणाली, "पाहुणी तुझी. नीट बसव. चहात साखर जास्त घाल, तिला गोड लागतो."

८

परिषद आटोपली. ऐसातूबाईंचं पत्र आलं, वर्षातल्या उत्तम सत्रांत आमचं नाव होतं म्हणे. लॅक्सनने सांगितलं की यंत्र आता सरळ वागतंय, हाक वगैरे काही नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. मी त्याला काही सांगितलं नाही.

माझ्याकडे ती चहाच्या वेळी येते. हाक मारत नाही. एकदा बोलावणं झालंय ना. उन्हं भिंतीवरून उतरली की चटई कुरकुरते. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात कोपऱ्यात उभी राहिले, चटईकडे गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी चहा टाकला. साखर जास्त घातली. मग बोलायला लागले. काय काय बोलले! हेडमास्तरांची टोपी ओढ्यात पडली ते, तिच्या लग्नात मेंढा सुटला ते. ती उत्तर देत नाही. पण हसण्यासारखं काही आलं की कापड सळसळतं. खरं सांगते, मला बरं वाटायला लागलं. नवरा गेल्यापासून या घरात दुपारी कुणी हसलं नव्हतं.

मग एके दिवशी ती उठली. चटईची कड वर आली, आणि उंबऱ्यापाशी ती थांबली. मला काही दिसत नव्हतं, पण कुणीतरी उभं राहिलं की दारातला उजेड थोडा कमी होतो, तेवढा झाला होता. ती वाट बघत होती. पाहुणीला एकटीला कसं सोडायचं?

मी उठले नाही. दुसरा चहा टाकला. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. असे बरेच दिवस काढले. पण किती दिवस बसवून ठेवणार? एके दिवशी तिसऱ्या चहाला तर चटई कुरकुरलीच नाही, ती नुसतीच उंबऱ्यात उभी राहिली. शेवटी मी वहाणा घातल्या.

"आंब्यापर्यंतच हं," मी म्हटलं. "मला भात टाकायचाय."

आंब्याखाली कच्च्या कैऱ्या पडल्या होत्या. मी थांबले. ती थांबली नाही. गवत पुढे वाकत गेलं, मग तेही थांबलं, आणि माझ्याकडे वळलं असावं. पुलापर्यंत तरी चल. ती म्हणाली नाही, पण ते मला ऐकू यायची गरजच नव्हती.

मी पुलापर्यंत गेले. म्हणजे जिथे पूल होता तिथपर्यंत. खाली दोन खुंट, त्यांत अडकलेली पानं. धुणं घेऊन कुणी नव्हतं. मी काठावर उभी राहून म्हटलं, "बस गं एलुबी, आता माझे पाय दुखतात."

आणि फळ्या वाजल्या. उन्हात, माझ्या डोळ्यांसमोर, जिथे खाली नुसतं पाणी आहे, तिथे लाकडी फळ्या पावलांखाली वाजत पलीकडे गेल्या. मधली सैल फळी होती ना, ती तशीच खडखडली. मग पलीकडच्या वाटेवर धूळ उडाली, म्हातारीच्या घराच्या दिशेने.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिला कुठे पोचवायला आले होते?

"आई!" मी ओरडले. "आई, गप्प बस!"

ओढ्याला पाणी फार नाही, पण आवाज करतं. पलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं, "ओऽऽदी." माझ्या दारातलीच ती हाक, आता दुसऱ्या दारात. आणि त्यावर लगेच, एक श्वासही न घेता, म्हातारीचं, "ओदीनी!"

दार लोटलं गेलं. मग कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच कडी लागल्याचा आवाज आला.

९

धीर गोळा करून काल मी डांबरी रस्त्याने फेरा घालून गेले. शेजारी म्हणाले, म्हातारी दोन दिवस बाहेर दिसली नाही, पण चूल पेटलेली असते, धूर दिसतो. मग आम्ही म्हटलं, कशाला त्रास द्यायचा? मी ओट्याखाली उभी राहिले. आतून गोड चहाचा वास येत होता. चटई कुरकुरत होती, आणि कुणीतरी कुणाला तरी मेंढ्याची गोष्ट सांगत होतं, त्याच जागी थांबून जिथे मी थांबते.

किती एकटं वाटलं मला तिथे उभं राहून! माझी मैत्रीण आत, माझी आई म्हणावी ती आत, आणि मी उन्हात. वळून गाडीकडे जायला हवं होतं. तोंडातून निघून गेलं.

"ओदी!"

आतली गोष्ट थांबली. मग कडी निघाली. दार थोडं उघडलं, आतला अंधार तेवढा दिसला. आणि उत्तर आलं, दोघींचं, एकदम.

"ओदीनी!"

मी पळाले. गाडीची किल्ली ओट्याखाली पडली, ती उचलायलाही थांबले नाही. सगळा रस्ता चालत आले.

आता उन्हं भिंतीवरून उतरलीत. चहा मी टाकलेला नाही, चटईही गुंडाळून ठेवलीय. बाहेर आंब्याच्या वाटेवर दोघींच्या वहाणा वाजताहेत, एक काठी टेकत. निघालेल्या पाहुणीला आपल्याकडे पोचवायला जातात, तसं हाक मारून आत न आलेल्या पाहुणीला न्यायलाही येतात. मला न्यायला आल्या असतील. मला बोलावणं झालंय, आणि मी अजून आत गेलेले नाही.